ग्राइंड करून आणलेली निब अडते, खरवडते किंवा उमटत नाही: दोष कुठे आहे ते कसे शोधायचे

तक्रार नेहमीचीच आहे. फाउंटन पेनची मीडियम किंवा ब्रॉड (मध्यम किंवा जाड) निब तज्ज्ञाकडे पाठवून, टोक घासून म्हणजे ग्राइंड करून तिचा स्टब, कर्सिव्ह इटॅलिक किंवा आर्किटेक्ट करून घेतला. पहिल्या दोन आकारांत उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते, आर्किटेक्टमध्ये उलट. सोबतच्या चिठ्ठीवरचा नमुना सुरेख आहे. घरी मात्र शब्दाची पहिली रेघ कोरडी जाते, वेलांटी वर नेताना निब कागदात रुतते, किंवा अर्ध्या पानानंतर शाई फिकी पडत जाते. निब परत पाठवली की ती आणखी थोडी घासून येते आणि काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

निबच्या टोकाला कठीण धातूची बारीक गोळी जोडलेली असते. तिला सवयीने इरिडियम म्हणतात, पण आजच्या बहुतेक निबांत ती ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंच्या मिश्रणाची असते. सगळे ग्राइंडिंग या गोळीतच होते. घासून गेलेला धातू परत येत नाही. नवी गोळी बसवून देणारे कारागीर फार थोडे आहेत आणि ते काम महाग पडते. म्हणून पुन्हा घासणे हा शेवटचा उपाय. त्याआधी दोष टिपेच्या, म्हणजे या गोळीच्या आकारात आहे, की टिपेच्या मागे, म्हणजे निबच्या मधल्या चिरेत, निबखाली बसून तिला शाई पुरवणाऱ्या जिभेत, शाईत किंवा हाताच्या कोनात आहे, ते शोधायचे. मागचे दोष बहुतेक वेळा घरीच सुटतात.

आधी धुणे, मग निदान

घासताना निघालेली धातूची आणि अपघर्षकाची पूड चिरेत अडकून राहू शकते. कपभर साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाका, कन्व्हर्टरने, म्हणजे पेनातल्या शाई ओढून घेणाऱ्या नळीने, ते पाणी दहा-बारा वेळा आतबाहेर करा, मग साबणाचा अंश जाईपर्यंत नुसते पाणी. शेवटी पेन टिपकागदावर निब खाली करून रात्रभर ठेवा. साबण उरला तर शाई कागदावर पसरते आणि चाचणी फसते.

चाचणीसाठी शाई एकच आणि ओळखीची घ्या. पेलिकन ४००१ कोरडी वाहते, लोहयुक्त आयर्न गॉल शायाही साधारण कोरड्याच; वॉटरमनची सेरेनिटी ब्लू मोकळी वाहते. कोरड्या शाईवर निब अडली आणि मोकळ्या शाईवर चालली, तर ग्राइंडमध्ये दोष शोधत बसू नका. कागद दोन हवेत: एक गुळगुळीत, एक साधा झेरॉक्सचा. दोन्ही का, ते पुढे येईल.

भिंगही हवे. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले १० पटींचे पुरते, १५ ते २० पटींचे असेल तर उत्तम. भिंगाशिवाय निबला हात लावू नये.

लक्षण कधी दिसते?

पेन भरल्या भरल्या छान चालतो आणि अर्ध्या पानावर सुकत जातो: टिप निर्दोष आहे, मागून शाई पोहोचत नाही. जीभ निबपासून सुटली आहे, चीर आवळली आहे, किंवा कन्व्हर्टरमधली शाई मागच्या टोकाला चिकटून बसली आहे. कन्व्हर्टरवर टिचकी मारून शाई खाली आली आणि पेन लगेच चालला, तर दोष कन्व्हर्टरचा.

प्रत्येक फटक्याची सुरुवात कोरडी, पण एकदा रेघ सुरू झाली की भरपूर शाई: टिपेच्या आतल्या कडा गोल झाल्या आहेत. हा खरा ग्राइंडचा दोष.

एकाच दिशेने खरखर, उलट दिशेने गुळगुळीत: पाकळ्या, म्हणजे चिरेच्या दोन बाजूंचे निबचे भाग, वरखाली झाल्या आहेत. टपालातही हे होते.

पानाच्या वरच्या भागात नीट, खाली उतरल्यावर उमटत नाही: तळहाताचा घाम आणि तेल कागदाला लागले आहे. पावसाळ्यात कोकणपट्टीत हे हमखास होते. हाताखाली टिपकागद ठेवून तेच पान पुन्हा लिहा. फरक पडला तर निब जशी आहे तशी राहू द्या.

अनुस्वाराची चाचणी

पहिली रेघ कोरडी जाण्याचा दोष इंग्रजी लिहिताना एक वेळ झाकला जातो, मराठीत तो लगेच उघडा पडतो. आपण प्रत्येक शब्दात पेन कितीदा उचलतो ते पाहा: अक्षर, काना, मात्रा, रफार, शेवटी शिरोरेषा. आणि अनुस्वार तर नुसता स्पर्श आहे. तिथे टिप कागदावर सरकत नाही, त्यामुळे शाई ओढली जाण्याची संधीच नाही.

पेन भरून टोपण लावून दहा मिनिटे ठेवा. मग गुळगुळीत कागदावर, पेनच्या स्वतःच्या वजनापलीकडे काहीही दाब न देता, वीस-पंचवीस अनुस्वार ओळीने ठेवा. त्यानंतर ‘किंवा’, ‘चिंच’, ‘शिंपी’, ‘संबंध’ असे शब्द नेहमीच्या वेगाने लिहा. सगळे ठिपके उमटले तर कोरड्या सुरुवातीचा दोष निबमध्ये नाही. बरेचसे कोरे गेले आणि थोडा दाब देताच उमटू लागले, तर हीच चाचणी झेरॉक्सच्या कागदावर करा. तिथे ठिपके बरे उमटत असतील तर निदान जवळजवळ नक्की झाले.

कारण असे. शाई चिरेतून केशाकर्षणाने टोकापर्यंत येते आणि तिथे कागदाला टेकायला हवी. चिरेच्या दोन्ही आतल्या कडा जास्त पॉलिश होऊन गोल झाल्या, की चिरेच्या तोंडाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार होते. शाई त्या खाचेत वरच थांबते, कागदाला लागतात ते फक्त दोन बाजूंचे फुगवटे. खडबडीत कागदाचे तंतू खाचेत शिरून शाई ओढतात, गुळगुळीत कागदाला तंतू वर नसतात, म्हणून महागड्या वहीवर हा दोष जास्त जाणवतो. निब टोकाकडून, थेट समोरून भिंगाखाली धरा: चिरेच्या कडा सरळ खाली उतरून एकदम वळायला हव्यात. उतार दिसला तर दोष तोच.

हा दोष मुख्यतः मऊ पॅडवरच्या पॉलिशने होतो. स्पंजाला चिकटवलेली मायक्रोमेश (पॉलिशचा अतिबारीक घासकागद) किंवा नखांची चार बाजूंची पट्टी दाबाखाली किंचित खचते, चिरेत वर चढते आणि आतल्या कडा खाते. निब ‘लोण्यासारखी’ करून द्या, असे सांगणारे गिऱ्हाईक नकळत हाच दोष मागत असते. मराठी लिहिणाऱ्याने थोडी जाणवणारी निब मागावी. कागदाची किंचित जाणीव देणारी टिप वेळेवर उमटते.

यावर उपाय म्हणजे टिपेचा तळ कठीण पृष्ठावर इतका खाली आणणे की गोल झालेला भाग निघून जाईल. हे काम तज्ज्ञाचेच. इथे निब परत पाठवणे योग्य आहे.

खरखर: आधी पाकळ्या, मग कोपरे

चिरेने निबचे दोन भाग होतात, ग्राइंडर त्यांना टाइन म्हणतात. इथे पाकळ्या म्हणू. पेन असा धरा की चीर थेट तुमच्याकडून समोर जाते. दाब न देता डावीकडून उजवीकडे रेघ ओढा, मग उजवीकडून डावीकडे. शिरोरेषेच्या दिशेने, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना खरखरले आणि परत येताना नाही, तर डावी पाकळी खाली, कागदाच्या बाजूला उतरली आहे. तिची आतली कड पुढे होऊन कागद कापते. उलट असेल तर उजवी.

भिंगातून समोरून पाहून खात्री करा. मग खाली आलेल्या पाकळीखाली, टिपेच्या अगदी मागे, नख लावून ती हलकेच वर उचला आणि चार-पाच सेकंद धरा. स्टील परत येते, म्हणून हवे त्याहून किंचित जास्त उचलावे लागते. सोने सहज वाकते, तिथे निम्म्या जोराने सुरुवात करा. प्रत्येक वेळी भिंग, मग रेघ. पाकळ्या सरळ होण्याआधी टिप घासली तर उंच कोपरा घासला जातो, आणि पाकळ्या जागेवर आल्या की टिप वाकडी झालेली असते. दुसऱ्यांदा पाठवलेल्या निबा बिघडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पाकळ्या सरळ असून फक्त वर जाणाऱ्या रेघांत, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वेलांटीत आणि रफारात निब रुतत असेल, तर कर्सिव्ह इटॅलिकचे कोपरे तुमच्या हाताला जास्त तीक्ष्ण आहेत. तो ग्राइंड मुळातच सावकाश, पेन न फिरवता लिहिणाऱ्यासाठी असतो. कोपरे किंचित मोडून त्याचा स्टब करता येतो. त्यासाठी फार थोडा धातू घासावा लागतो.

चीर

निब उजेडासमोर धरा. चिरेच्या मागच्या टोकाला असलेल्या भोकापासून टिपेकडे उजेडाची रेघ निमुळती होत जाऊन टिपेशी जेमतेम मिटायला हवी. मधेच मिटली तर पेन कोरडा चालणार. टोकाशी भोकापेक्षा रुंद दिसली तर केशाकर्षण उलटे होते, शाई टिपेपर्यंत टिकत नाही.

आवळलेल्या चिरेसाठी पितळेचा ०.०५ मिमी जाडीचा पत्रा भोकाकडून टिपेकडे दोन-तीनदा फिरवा, बाजूला रेटू नका. ब्लेड कधीही घालू नका, स्टील आतल्या कडा चरते आणि वर सांगितलेला खाचेचा दोष स्वतःच्या हाताने तयार होतो. पत्र्यानंतर पाकळ्या पुन्हा तपासा.

जीभ: तिथे चालली, इथे का नाही?

नुसती निब काढून पाठवली असेल तर तज्ज्ञ तिला आपल्याकडच्या जिभेवर बसवून तपासतो. त्या जिभेवर ती बरोबर चालते आणि तुमच्या पेनात कोरडी पडते. चिठ्ठीवरचा नमुना आणि घरचे लिखाण यांत फरक पडण्याचे हे सगळ्यात साधे कारण. शक्य तेव्हा पूर्ण पेन पाठवा. तेवढे जमत नसेल तर निब, जीभ आणि त्यांचे आटे असलेले घर एकत्र. जोवो आणि बॉक या दोन्ही जर्मन कंपन्यांच्या ६ नंबरच्या निबा वरून सारख्या दिसतात, पण त्यांच्या घरांचे आटे एकमेकांच्या पेनांत बसत नाहीत. पाठवताना कोणती आहे ते लिहा.

भारतीय हातघडणीच्या पेनांत बरेचदा एबोनाइटची जीभ असते आणि निब नुसती दाबून बसवलेली असते. ग्राइंडसाठी काढून परत बसवली की दोघींमध्ये फट पडू शकते. बाजूने भिंगातून पाहा. निब आणि जीभ यांच्यामधून उजेड दिसला तर जीभ गरम करून बसवावी लागेल. नुकतेच उकळलेले पाणी वाटीत घ्या, फक्त निब-जिभेचा पुढचा भाग २० ते ३० सेकंद बुडवा, बाहेर काढून फडक्याने जीभ निबवर दाबून थंड होईपर्यंत धरा. गरज पडल्यास दोन-तीनदा. पेनचे धड पाण्याला लागू देऊ नका: एबोनाइटचा रंग गरम पाण्यात उडतो, सेल्युलॉइड वेडेवाकडे होते. प्लास्टिकच्या जिभेवर हा प्रयोग करू नका.

कोन आणि देवनागरी

इथे मात्र दोष बहुतेक वेळा निरोपाचा असतो, कारागिरीचा नाही. तज्ज्ञ टिपेचा तळ एका ठरावीक कोनासाठी सपाट करतो. पेन कागदाशी ४५ अंशात धरला जाईल असे धरून केलेला आर्किटेक्ट तुम्ही ६० अंशात उभा धरलात, तर तळाची फक्त पुढची कड टेकते: रेघ बारीक, कोरडी आणि खरखरीत. स्टब हा फरक बराच सहन करतो, कर्सिव्ह इटॅलिक कमी, आर्किटेक्ट सगळ्यात कमी. तपासणी सोपी आहे: तीच शिरोरेषा ४०, ५० आणि ६० अंशांत ओढून पाहा. एका कोनात पूर्ण रुंद, भरीव रेघ आली तर ग्राइंड व्यवस्थित आहे, फक्त तो तुमच्या हाताच्या कोनासाठी केलेला नाही. कोन कळायला कंपासपेटीतला कोनमापक मागे उभा धरून कोणाकडून तरी बाजूने फोटो काढून घ्या.

दुसरी गोष्ट आकाराच्या निवडीची. स्टब आणि इटॅलिक उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक काढतात. मराठीत याचा अर्थ काना जाड, शिरोरेषा बारीक. आर्किटेक्टला हिब्रू किंवा अरेबिक ग्राइंडही म्हणतात. तो बरोबर उलटा चालतो, शिरोरेषा जाड आणि काना बारीक. शब्द शिरोरेषेला टांगल्यासारखे दिसावेत असे वाटत असेल तर आर्किटेक्ट मागा. शिरोरेषा न देता भरभर लिहीत असाल तर स्टब. लिपीप्रमाणे निब घडवणे नवीन नाही. जपानी सेलर कंपनीची नागिनाता तोगी निब कोन बदलताच रेघेची जाडी बदलते: आडवा धरला तर जाड, उभा धरला तर बारीक.

बोरूचे वळण हवे असणाऱ्यांची मागणी सगळ्यात जास्त चुकते. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड असते, आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी बारीक. रोमन सुलेखनाच्या बरोबर उलट. त्यामुळे ‘सुलेखनासाठी ऑब्लिक’ (तिरपी कापलेली निब) एवढेच सांगितले तर बाजारात मिळतो तो डाव्या पावलासारखा, रोमनला सोयीचा ऑब्लिक होऊन येतो. उजव्या हाताने देवनागरी लिहिताना तो एका कोपऱ्यावर चालतो आणि अर्धी रेघ कोरी सोडतो. आपल्याला हवी ती उजव्या पावलाची: टोक स्वतःपासून दूर धरून वरून पाहिले तर डावा कोपरा पुढे, उजवा मागे. त्यातही गोळीत साधारण १५ अंशांची तिरपी कापणी बरी मावते, उरलेले वळण मनगटाने द्यावे लागते. खरे बोरूवळण हवे असेल तर कटनिब किंवा बोरूच घ्या. चांगली गोळी त्यासाठी खर्च करू नये.

रुंदी अक्षराच्या उंचीवर ठरते. शिरोरेषेपासून खाली अक्षर ३ मिमी उंच असेल तर ०.५ ते ०.६ मिमी पुरे. १.१ मिमीच्या स्टबने त्या मापात ‘म’ आणि ‘भ’ची गाठ बुजते, ‘क्ष’ ओळखू येत नाही, आणि लोक त्याला शाई जास्त वाहते असे म्हणतात. गोळीपेक्षा रुंद स्टब निघत नाही हेही लक्षात ठेवा: जर्मन मीडियममधून साधारण ०.६ ते ०.७ मिमी, ब्रॉडमधून ०.९ मिमीच्या आसपास. जपानी मीडियम युरोपीय फाइनच्या जवळ असतो, त्यातून मोठ्या अपेक्षा नकोत. काही स्वस्त निबांना गोळी नसतेच, पत्राच टोकाशी दुमडलेला असतो. त्यावर ग्राइंड टिकत नाही.

घरी किती घासावे

फक्त तीक्ष्ण कोपरे मोडण्यापुरते, आणि तेही पाकळ्या, चीर, जीभ, कोन सगळे तपासून झाल्यावर. काचेवर १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (अतिबारीक अपघर्षकाची पातळ फिल्म) सपाट ठेवा. पेनमध्ये शाई असू द्या. दाब शून्य. इंग्रजी आठचे चार-पाच फेरे, मग भिंग, मग कागद. पाचहून जास्त फेरे एका दमात नकोत. ०.३ मायक्रॉनची फिल्म शेवटच्या एक-दोन फेऱ्यांपुरती. प्रत्येक टप्प्यानंतर अनुस्वाराची चाचणी; ठिपके कमी उमटू लागले की तिथेच थांबा.

परत पाठवताना

‘नीट चालत नाही’ एवढ्या निरोपावर तज्ज्ञ फक्त पॉलिश वाढवू शकतो, आणि तेच सगळ्यात नको असते. पेनसोबत एक कागद द्या. त्यावर नेहमीच्या वेगाने लिहिलेला मराठी परिच्छेद, अनुस्वारांची ओळ आणि दोन्ही दिशांच्या आडव्या रेघा असू द्या. ज्या कागदावर लिहिता त्याचाच तुकडा वापरा. शाईचे नाव, पेनचा कागदाशी कोन, पेन हातात कोणत्या बाजूला वळतो, शिरोरेषा अक्षरागणिक देता की शब्दाच्या शेवटी, हे लिहा. हाताचे दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. डावखुऱ्यांनी फोटो हमखास द्यावेत, त्यांच्याबाबत वरचे डावे-उजवे बरेचदा फिरते. तज्ज्ञाला देवनागरी येत नसेल तर कोणत्या रेघेत काय बिघडते ते बाणाने दाखवा.

अमेरिकेत असणाऱ्यांना वॉशिंग्टन, शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या पेन शोमध्ये ग्राइंडरसमोर बसता येते. नाव आधी नोंदवावे लागते. तिथे इंग्रजी सही करून दाखवू नका, मराठीच लिहा. तो हात बघूनच घासतो.

डब्यात भरण्याआधी पेन रिकामा करून वाळवा, निबवर टोपण असू द्या आणि पेन डब्यात हलणार नाही इतका कागद भरा. परत आल्यावर पहिली गोष्ट भिंगाखाली पाकळ्या पाहण्याची, शाई त्यानंतर.